परीक्षकांच्या मागोमाग स्कॉटलंड

गुरुवार, ग्लासगो

ऑगस्टात स्कॉटलंडला जाणारी आपली मंडळी किल्ले, तळी आणि एडिंबराचा महोत्सव बघून येतात. मी स्पर्धा ऐकायला गेले. भाचा ग्लासगोत नोकरीला आहे, त्यामुळे राहायची चिंता नव्हती. पेटी वाजवता वाजवता अधूनमधून भजन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायची वेळ येते, आणि दर वेळी घरी परतताना तोच प्रश्न पडतो: जे गाणं-बजावणं मुळात स्पर्धेसाठी जन्मलंच नाही, त्याला गुण द्यायला लागलो की त्याचं पुढे काय होतं? याचं उत्तर शोधायला स्कॉटलंडसारखी जागा नाही. तिथे पायपरांच्या, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या, स्पर्धा १७८१ पासून चालू आहेत.

दुपारी नॅशनल पायपिंग सेंटरला गेलो. एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९९६ पासून हे केंद्र आहे. वर्ग, संग्रहालय, छोटं सभागृह, सगळं एकाच छपराखाली. पाइप बँडांच्या जागतिक स्पर्धेच्या आधीचा आठवडा शहरात पायपिंगचा महोत्सवच असतो. बाहेर बुकॅनन स्ट्रीटवर एक बँड वाजवत होता आणि लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन जिथल्या तिथे थांबले होते.

तिथल्या एका शिक्षकाने मला चँटर, म्हणजे बोटांची नळी, हातात दिली आणि वाद्याची अडचण समजावली. स्वर नऊच. आवाज लहान-मोठा करता येत नाही. आणि पिशवीतली हवा नळीत जातच राहते, त्यामुळे दोन स्वरांच्या मध्ये थांबताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण घालावा लागतो. पायपरांची सगळी कारागिरी या कणांत आहे. मला तिथेच वाटलं, परीक्षकाचं काम इथे किती सोपं होत असेल! कण पडला की नाही पडला, हे कान तयार असलेला माणूस ठामपणे सांगू शकतो. सुरातला जिव्हाळा असा ठामपणे सांगता येत नाही.

शुक्रवार, ग्लासगो ग्रीन

क्लाइड नदीकाठचं हे मोठं मैदान. जागतिक स्पर्धेसाठी इथे जगभरातून दोनशेच्या आसपास बँड येतात. सकाळी नऊलाच प्रत्येक झाडाखाली एकेक बँड सराव करत होता, आणि दहा पावलं चाललं की एक सूर संपून दुसरा चालू होत होता. भाच्याने कानात घालायला बोळे आणले होते. मी ते पिशवीतच ठेवले.

मैदानातल्या वादनाआधीचा अर्धा तास मला वादनापेक्षा जास्त शिकवून गेला. वीसेक पायपर गोलात उभे. प्रमुख एकेकासमोर जाऊन कान लावतो, चँटरच्या भोकावर चिकटपट्टी केसभर वर-खाली करतो. दुसरा एकजण हातात ट्यूनर घेऊन प्रत्येकाच्या खांद्यावरचे तीन ड्रोन, म्हणजे एकच स्वर सतत धरून ठेवणाऱ्या नळ्या, जुळवत फिरतो. ऊन आलं की सूर चढतो, ढग आला की उतरतो, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे जुळले की वीस पाइपांमधून एकच अजस्र पाइप वाजतोय असं वाटतं. हा नाद पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बँडांत नव्हता. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली तर फरक लगेच कळतो, आणि तो स्पर्धेनेच घडवलेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता नियम ऐका. सर्वांत वरच्या श्रेणीत दोन प्रकार वाजवायचे. एक मार्च (संचलनाची चाल), स्ट्रॅथस्पे आणि रील (दोन्ही स्कॉटिश नाचाच्या चाली) यांचा संच, दुसरी मेडली, म्हणजे बँडने स्वतः गुंफलेली पाच ते सात मिनिटांची माळ. प्रत्येक प्रकारासाठी बँडने दोन-दोन संच आधी कळवायचे, आणि त्यांतला कुठला वाजवायचा ते आत जाण्याच्या रेषेवर चिठ्ठी काढून ठरतं. मग ड्रमचे दोन ‘रोल’, त्यावर ड्रोन सुरू, नंतर सगळ्यांचा चँटर एकाच क्षणी. एखाद्याची नळी पाव सेकंद आधी बोलली तर ती मैदानभर ऐकू जाते. शेवटीही तसंच: सगळ्यांचा सूर सुरीने कापल्यासारखा थांबला पाहिजे.

बँड चालत आत येतो आणि गोल करून उभा राहतो. तोंडं आत, पाठी बाहेर. पैसे देऊन आलेल्या हजारो लोकांना दिसतात ते किल्टचे मागचे चुणीदार पडदे. गोलाच्या बाहेरून परीक्षक हातात पॅड घेऊन फिरत असतात: दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळाचा. एक परीक्षक एका पायपरच्या पाठीशी हातभर अंतरावर थांबला, मान तिरकी करून ऐकलं, काहीतरी खरडलं, पुढे सरकला. त्या पायपरच्या मानेची शीर ताठ झालेली मला दुर्बिणीतून दिसली. बिचारा!

गोलात उभं राहण्याला कारण आहे. सगळ्यांना सगळ्यांची बोटं दिसतात, मेळ घट्ट राहतो, आणि मेळालाच गुण आहेत. श्रोत्यांकडे तोंड करून वाजवल्याला गुण नाहीत. “पण आत्या, मैफलीत हेच बँड अर्धगोलात, लोकांकडे तोंड करून वाजवतात,” भाचा म्हणाला. म्हणजे कसं उभं राहायचं हेसुद्धा गुणांचा तक्ता ठरवतो!

शनिवार, तिथेच

निकालाचा हिशेब असा. प्रत्येक परीक्षक क्रमांक देतो, क्रमांकांची बेरीज होते, सर्वांत कमी बेरीज तो विजेता. बरोबरी झाली तर मेळाच्या परीक्षकाचा शब्द वरचढ. यातून एक गोष्ट आपोआप होते. एखाद्या बँडने धाडसी काही केलं, दोघांना ते फार आवडलं आणि दोघांना मुळीच नाही, तर तो मधल्या जागी जाऊन पडतो. कुणालाच न खटकणारा बँड वर सरकतो. चांगलं वाजवणाऱ्याला हे गणित पहिल्या वर्षीच कळतं.

आमच्याकडे एका तालुक्याच्या भजन स्पर्धेत तक्त्यावर सूर, ताल, उच्चार यांच्या शेजारी ‘गणवेश’ असा रकाना होता. दहा गुणांचा. पुढच्या वर्षी झाडून सगळी मंडळं सारखे फेटे आणि सारख्या जाकिटांत आली. अभंग मात्र कुणाचा कुठला हे डोळे मिटून सांगता येईना. ग्लासगो ग्रीनवर वाजवणं त्याच्या शंभर पट वरचं आहे, तरी दुपारपर्यंत मला तीच हुरहूर लागली. पहिला बँड आणि आठवा बँड यांतला फरक सांगायला मला भाच्याच्या मित्राची मदत घ्यावी लागली. तो स्वतः खालच्या श्रेणीत ड्रम वाजवतो.

त्यानेच उलटी बाजूही मांडली. स्पर्धा नसती तर कॅनडाच्या किंवा न्यूझीलंडच्या बँडने इथे यायचं कशाला? १९८७ साली कॅनडाचा सेव्हंटी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स जिंकला, तो ब्रिटनबाहेरचा पहिला विजेता. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने सहा वेळा बाजी मारली, आणि उत्तर आयर्लंडच्या ‘फील्ड मार्शल माँटगोमेरी’ या बँडने तर त्याहून जास्त. ग्लासगोच्या वस्तीतली मुलं फुकट शिकतात, त्यांना किल्ट मिळतो, प्रवास घडतो, तेही या स्पर्धेपायीच. पाइप बँड हा प्रकार तसा लष्करातून आलेला, एकोणिसाव्या शतकातला. त्याचं वय बँडांच्या स्पर्धेपेक्षा फार मोठं नाही. त्याला स्पर्धेने बिघडवलं म्हणणं मला पटत नाही. त्याला घडवलंच स्पर्धेने.

संध्याकाळी सगळे बँड एकत्र संचलन करत आले. निकाल वाचताना एका तंबूमागे मोठमोठी माणसं रडत होती. पाऊसही आला.

मंगळवार, एडिंबरा

मधले दोन दिवस कपडे वाळवण्यात आणि भाच्याला पुरणपोळी करून घालण्यात गेले. एडिंबराच्या गाडीत खिडकीतून फॉलकर्क स्टेशनची पाटी दिसली आणि मी भाच्याला हलवून उठवलं. सगळं इथून सुरू झालं. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ मध्ये फॉलकर्कच्या गुरांच्या बाजाराच्या वेळी पहिली पायपर स्पर्धा घेतली. बाजाराला उत्तरेकडून गुरं हाकत लोक येतच असत, म्हणून ती जागा. वंशपरंपरेने टोळीप्रमुखांच्या पदरी असणाऱ्या पायपरांचा आश्रय त्या शतकात संपत आला होता. लंडनला स्थिरावलेल्या सधन हायलँडरांनी, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या मंडळींनी, त्यावर बक्षिसाचा उपाय काढला. दोन-तीन वर्षांत स्पर्धा एडिंबराला हलली.

तिथे १७८४ मध्ये एक मजेदार श्रोता आला. फोझा द सँ-फाँ नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ. त्याला घेऊन गेला होता ॲडम स्मिथ, अर्थशास्त्राचा. फोझाने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं की एकामागून एक पायपर तीच रचना वाजवत होते, आणि आपल्याला त्यात ना चाल कळली ना सौंदर्य. आजूबाजूची मंडळी मात्र भारावलेली. कॅननगेटच्या चर्चच्या आवारात स्मिथची कबर आहे, तिथे थोडा वेळ थांबले. स्पर्धा आणि बाजारपेठ यांवर एवढं लिहिणारा माणूस या स्पर्धेबद्दल काय म्हणाला असता, असं आमच्यात उगाचच बोलणं झालं. भाचा म्हणाला, “तो म्हणाला असता, ग्राहक कोण ते आधी सांगा.”

आणि खरोखर, ग्राहक कोण? फॉलकर्कनंतर पायपरचा ग्राहक बदलला. पूर्वी तो एका घराण्यासाठी वाजवायचा. कुणाच्या मृत्यूसाठी, कुणाच्या स्वागतासाठी. आता तो टेबलापलीकडच्या माणसांसाठी वाजवू लागला.

रात्री फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्समध्ये गेलो. हा पब लोकसंगीतवाल्यांचा अड्डा. जवळच्याच विद्यापीठात १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, आणि लोकगीतं गोळा करत हिंडणारे हॅमिश हेंडरसन इथे कायम असायचे. कोपऱ्यात तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बासरी, एक अकॉर्डियन. कुणी नाव पुकारत नाही, कुणी टाळीची वाट बघत नाही. एकजण धून सुरू करतो, ज्यांना येते ते शिरतात. नियम इथेही आहेत, फक्त कुठे लिहिलेले नाहीत. एका पोराने फार घाईत एक रील सुरू केली. त्याच्याबरोबर कुणीच उचललं नाही. दोन आवर्तनांनंतर तो आपणहून थांबला आणि हसला. इतका स्वच्छ निकाल मी मैदानावर पाहिला नव्हता.

गुरुवार, डंकेल्ड

फिडलच्या इतिहासातली पहिली ठळक स्पर्धाही जुनीच आहे. नील गाऊ (१७२७–१८०७) हा टे नदीकाठच्या इन्व्हरचा. १७४५ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पर्थला स्पर्धा जिंकली. परीक्षक होता जॉन मॅक्रॉ, स्वतः वादक आणि अंध. शंभर वादकांत मी नीलचा गज ओळखेन, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आजकाल पडद्याआडून निवड करतात ते ओळख लपवण्यासाठी. इथे डोळे नसलेला परीक्षक ओळख पटली म्हणून बक्षीस देतो! मला हा निकष फार आवडला. शंभरात ओळखू यावा असा हात, यापेक्षा जास्त वादकाकडून काय मागायचं?

नीलचं पोट मात्र त्या बक्षिसावर चाललं नाही. अथॉलच्या ड्यूककडे आणि गावोगावच्या नाचांना तो वाजवायचा. चांगला वाजला तर लोक नाचतात, पुढच्या नाचाला बोलावणं येतं. वाईट वाजला तर लोक बसतात. स्ट्रॅथस्पे हा प्रकार त्या पायांसाठी आहे.

डंकेल्डहून इन्व्हर चालत जाण्याइतकं जवळ. नदीकाठी त्याच्या नावाचा ओक आहे, त्याखाली बसून तो चाली बांधायचा म्हणे. रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र एडिंबराच्या पोर्ट्रेट गॅलरीत आदल्या दिवशी पाहिलं होतं. चौकटीच्या कापडाची तुमान, म्हातारपणीचं सैल अंग आणि हातात फिडल. बाकी डंकेल्डचा दिवस चिलटांनी खाल्ला.

बुधवार, ओबन

ग्लासगोहून ओबनची गाडी तीन तास घेते आणि एकही मिनिट वाया जात नाही. वाटेत क्रियनलॅरिकला गाडी दुभंगते, अर्धी फोर्ट विल्यमला आणि अर्धी ओबनला. चुकीच्या डब्यात बसू नका.

इथे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आर्गाइलशायर गॅदरिंग असतं, १८७१ पासूनचं. बुधवार पीब्रोखचा. पीब्रोख म्हणजे पाइपवरचं भारदस्त संगीत: आधी ऊर्लार हा संथ विषय, मग त्यावर एकाहून एक दाट होत जाणाऱ्या फिरती, शेवटची क्रूनलुआ, की बोटं दिसेनाशी होतात, आणि अखेर पुन्हा ऊर्लार. पंधरा-वीस मिनिटांचा ऐवज. हे ऐकताना मी पहिल्यांदा घरच्यासारखी बसले. विलंबितापासून सुरू होणारं काहीही मला चालतं.

सभागृहात फार तर शंभर माणसं, निम्म्यांच्या मांडीवर छापील स्वरलिपी. पायपर आत येतो. त्याने आधी दिलेल्या यादीतली कुठली रचना वाजवायची ते परीक्षक तिथेच सांगतात. तो ड्रोन जुळवतो, कोपऱ्याकडे जातो, परत येतो, पुन्हा जुळवतो. मग पिशवी घट्ट धरून पाऊल टाकतो. टेबलामागे तिघे, समोर पुस्तक उघडं. एका पायपरने ऊर्लारच्या दुसऱ्या ओळीत एक स्वर असा लांबवला की माझ्या शेजारच्या बाईने पुस्तकावरची नजर काढून वर पाहिलं. त्याच क्षणी टेबलावर एक पेन्सिल हलली. कौतुक होतं की वजाबाकी, कोण जाणे.

ते पुस्तक हीच खरी गोष्ट आहे. हे संगीत गुरूकडून शिष्याकडे तोंडी जायचं, बोलांतून. पाइपच्या बोलांची एक पूर्ण पद्धत होती, आणि नेदर लॉर्नच्या कॉलिन कँबेलने १७९७ च्या सुमारास त्या बोलांत शेकडो पानं लिहून ठेवली. नंतर सोसायट्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीला बक्षिसं लावली. १९०३ मध्ये पीब्रोख सोसायटी झाली, तिने रचनांचे छापील पाठ काढले आणि स्पर्धेसाठी दर वर्षी रचना नेमून दिल्या. या ग्रंथमालेचा १९२५ नंतरचा मुख्य संपादक आर्चिबाल्ड कँबेल ऑफ किलबेरी, पेशाने भारतीय सनदी सेवेतला, लाहोरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश. न्यायाधीशाने सिद्ध केलेली प्रत, परीक्षकाच्या टेबलावर! वादक शहाणे असतात. जी प्रत समोर आहे तीच ते वाजवू लागले. जुन्या हस्तलिखितांत एकाच रचनेची तीन-तीन रूपं आहेत, त्यांतलं एक बक्षिसपात्र झालं आणि बाकीची कपाटात गेली, असा आक्षेप अभ्यासक घेतात. मला तो पटतो. अलीकडे सोसायटीनेच ती हस्तलिखितं लोकांसमोर मांडली आहेत, हेही सांगायला हवं.

न्याहारीला एक निवृत्त पायपर भेटले. मी माझी तक्रार मांडली. ते शांतपणे म्हणाले, “सुवर्णपदक नसतं तर वीस मिनिटांची रचना पाठ करायला दहा वर्षं कुणी घातली असती?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

गुरुवार, ओबन

सकाळी पायपर गावातून वाजवत मॉसफील्ड मैदानाकडे गेले. तिथे मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील. शेजारच्या मंचावर मुलींच्या हायलँड नाचाची स्पर्धा, पलीकडे ओंडके फेकणारे पैलवान. स्पर्धेतली स्ट्रॅथस्पे इतकी जड आणि कोरीव झाली आहे की तिच्यावर गावचा नाच होणार नाही. नाचाची लयही गेल्या शतकात मंदावली, उड्या उंच दिसाव्यात म्हणून, असं जुने लोक सांगतात. इथे पाय आणि पाइप दोघांनीही परीक्षकाकडे तोंड केलं, आणि एकमेकांकडे पाठ.

ओबनशी आणखी एक नातं आहे. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेसाठी १८९१ मध्ये इथेच संस्था स्थापन झाली आणि १८९२ मध्ये पहिला मॉड, म्हणजे गेलिक गाण्यांचा स्पर्धामेळा, भरला. वेल्सच्या आयस्टेथवड या गाण्या-कवितांच्या स्पर्धामेळ्याचा कित्ता गिरवून. एक परीक्षक भाषेसाठी, दुसरा संगीतासाठी. भाषेला गुण आहेत हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पण गायनवृंदांची ‘पोर्श्त-अ-बियल’ची स्पर्धा मात्र विचित्र आहे. वाद्य हाताशी नसताना नाचासाठी तोंडाने म्हणायची ही चाल. तीस माणसं चार आवाजांत, हात जोडून, ताठ उभी राहून ती गातात. नाचणारा एकही नाही. मॉडला पुढे पारंपरिक ढंगाच्या गायनासाठी निराळी स्पर्धा ठेवावी लागली, यातच सगळं आलं.

शनिवार, बॅरा

ओबनहून बोटीने पाचेक तास. बंदरात पाण्यातच उभा असलेला किसमुलचा किल्ला, आणि विमानतळ म्हणजे ओहोटीची पुळण. इथे यायचं कारण वेगळं होतं. या बेटावर १९८१ मध्ये पहिली ‘फेश’ झाली. गावातल्या मुलांना बेटाची गाणी आणि वाद्यं येईनाशी झाली म्हणून काही पालक आणि पाद्री फादर कॉलिन मॅकइनिस यांनी उन्हाळी वर्ग भरवले. सुरुवातीपासूनच एक गोष्ट पक्की होती, की इथे स्पर्धा नाही. आठवडाभर शिकायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गावासमोर वाजवायचं. आज स्कॉटलंडभर अशा चाळीसहून अधिक फेश भरतात, आणि आजच्या कितीतरी नावाजलेल्या लोकसंगीतकारांनी पहिला धडा तिथेच घेतला.

मी उतरले त्या घरची बाई जुलैतल्या फेशला गाणं शिकवते. लोकरीचं कापड ओलं करून टेबलावर आपटताना बायका म्हणत त्या गाण्यांबद्दल तिला विचारलं. ओळ एकीने सांगायची, धृपद सगळ्यांनी. तिच्या आजीच्या वेळी कापड पुरतं आटेपर्यंत गाणी चालायची. कापड हाच परीक्षक. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओलं टॉवेल आपटून मला ठेका दाखवला, आणि मला धृपद म्हणायला लावलं. माझे उच्चार ऐकून तिची नात खो-खो हसली.

मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडे स्पर्धा नाहीच, हे किती छान. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. नात बारा वर्षांची, फेशमध्येच शिकलेली. तिचा ऑक्टोबरच्या मॉडमध्ये एकल गायनाचा प्रवेश भरून झाला आहे आणि बोटीची तिकिटंही काढली आहेत. दोन नेमलेली गाणी आहेत. एक तिला आवडतं, दुसरं नाही. आजी म्हणाली, न आवडणारं गाणं गायलाही शिकावं लागतं. नात म्हणाली, मी ते पटकन उरकणार. त्यावरून त्या दोघींचं गेलिकमध्ये जोरात सुरू झालं आणि मी माझा चहा घेऊन बाहेर ओसरीवर येऊन बसले.